आधी क्लारिनो, मग कॅमेरा

पत्र :

"मावशी, मी वसईची, आम्ही कॅथलिक. पाच वर्षं ग्रीसमध्ये, पिरेयस बंदरात एका जहाज कंपनीच्या ऑफिसात नोकरी करते. पुढच्या सप्टेंबरात माझं लग्न आहे, होणाऱ्या नवऱ्याच्या वडिलांच्या गावी, वायव्य ग्रीसच्या डोंगराळ एपिरसमधल्या झागोरीत, तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये. सासऱ्यांना क्लॅरिनेटवालेच हवेत. सासूबाई क्रीट बेटावरच्या, हानियाकडच्या. क्रीटचं काही वाजलं नाही तर मी खुर्चीवरून उठणार नाही, असं त्या हसत हसत म्हणतात, पण त्या हसत नसतात. तिकडे लिरा असते, गजाने वाजवायचं छोटं वाद्य. म्हणजे लिरावाला शोधायला हवा ना? मित्रमंडळींना डीजे हवा. बाबांना वाटतं, वसईचा बँड नाही तर नाही, निदान चर्चमध्ये ऑर्गन आणि व्हायोलिन तरी असावं. भाऊ मुंबईहून पाच जणांची कॅन्डिड टीम आणतो म्हणतो, आणि सासरे म्हणतात, गावातली सगळी लग्नं एकाच फोटोग्राफरने काढली आहेत, तोच येईल. पैसे आम्हा दोघांचे आहेत आणि ते मोजके आहेत. कोणाला हो म्हणू?"

उत्तर :

अगं, मावशी म्हटलंस म्हणून आधी थोडं रागावून घेते. "कोणाला हो म्हणू" हा मन राखण्याचा प्रश्न झाला. त्या वाटेने गेलीस तर चार वाजंत्री, दोन फोटोग्राफर आणि रिकामी पासबुकं घेऊन चर्चच्या पायरीवर उभी राहशील. एपिरसच्या लग्नात कोण वाजवणार हे ठरवायचं असेल तर एवढंच बघायचं, की रात्री बारानंतर रिंगणात कोणाचे पाय असणार आहेत. तुझ्या लग्नात ते पाय मुख्यतः सासऱ्यांच्या गावचे असतील. म्हणून क्लारिनो, म्हणजे तिथलं क्लॅरिनेट. सासऱ्यांचा हट्ट समजू नकोस, त्यांचा हिशेब बरोबर आहे.

आपल्याकडे बँड वाजतो आणि ज्याला जसं जमेल तसा तो नाचतो. तिथे उलटं असतं. रिंगणाच्या तोंडाला जो उभा असतो, रात्रीचा तेवढा वेळ त्याचा. तो चाल सांगतो, त्याला पारांगेलिया म्हणतात. मग क्लारिनोवाला मंचावरून खाली उतरतो, वाकून जवळजवळ त्याच्या गुडघ्यांसाठी वाजवतो, त्याचं पाऊल अडलं की सूर लांबवतो, तो खाली बसून उठला की त्याच्याबरोबर चढतो. पैसे तोच देतो, नोटा वाद्यात खोचतो, कधी वादकाच्या कपाळावर चिकटवतो. याला हार्तूरा म्हणतात. वरातीत नोटा ओवाळून बँडवाल्याला देणारे काका तू पाहिले असशील, त्यामुळे तुझ्या माणसांना हे समजायला पाच मिनिटं पुरतील. पण वादकाला त्या गावची पावलं पाठ नसतील तर हे सगळं ढासळतं. झागोरीसिओस हा नाच पाच मात्रांचा असतो, पोगोनीसिओसची चाल वेगळी, त्सामिको आणखी वेगळा. अथेन्सचा एखादा चकचकीत ऑर्केस्ट्रा हे सगळं 'वाजवतो', पण सत्तरीचा चुलतसासरा दोन फेऱ्यांत ओळखतो की समोरचा माणूस आपल्या पायांकडे बघत नाहीये. तो जाऊन बसतो. तो बसला की त्याचं टेबल बसतं.

मंडळी किती? क्लारिनो, व्हायोलिन, लाऊतो म्हणजे लांब मानेचं तंतुवाद्य, डेफी म्हणजे मोठी खंजिरी, आणि गाणारा. पाच जण. त्याला कोम्पानिया म्हणतात. पुष्कळ ठिकाणी आता कीबोर्ड आणि ड्रम घुसले आहेत आणि भिंतीएवढे स्पीकर. दगडी घरांनी वेढलेल्या झागोरीच्या चौकात, चिनाराच्या झाडाखाली, ते अगदी सहन होत नाही. कीबोर्ड नको, असं पहिल्याच फोनवर सांग. थोडे पैसे वाचतील आणि सासरे मनातल्या मनात आशीर्वाद देतील.

आता एक घाबरवणारी गोष्ट. मी मिरजेची, तंबोरे-सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीशेजारी वाढले, म्हणून हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा थबकले. एपिरसचं जुनं संगीत पाचच स्वरांचं. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. आपल्या धानी रागाचेच स्वर, पण धानीतला खट्याळपणा कुठेच नाही. सूर वरून खाली घसरत येतात, जणू डोंगरावरून कोणी हाक मारतंय. त्यांच्याकडे मिरोलोय नावाचा प्रकार आहे, मुळात मृतासाठीचा विलाप. तिकडच्या जत्रांमध्ये रात्रीची सुरुवात कित्येकदा त्यानेच होते, आणि नवरी घरातून निघतानाची गाणीही रडवणारी असतात. तुझी आई गोंधळून विचारेल, लग्नात हे काय लावलंय? तिला सांग, पाठवणी आहे. तिला लगेच कळेल.

वादक यूट्यूबवर बघून ठरवू नकोस. अगदी डेल्विनाकीचे पेट्रोलूकास हल्कियास यांच्यासारख्या थोर क्लारिनोवाल्यांच्या ध्वनिमुद्रणांनीही तुला तुझ्या लग्नाचा वादक कळणार नाही, कारण तिथे समोर नाचणारा नसतो. उन्हाळ्यात त्या भागात गावोगावी देवाचे उत्सव असतात, पानिगिरी म्हणतात त्यांना, पंधरा ऑगस्टच्या आसपास तर रोज कुठे ना कुठे असतो. होणाऱ्या नवऱ्याला आणि सासऱ्यांना घेऊन एकदोन ठिकाणी जा. पण रात्री दहाला नको. दहाला सगळेच चांगले वाजवतात. दीड-दोनला जा, वादक दमलेले असताना आणि कोणीतरी म्हातारा तिसऱ्यांदा तीच चाल मागत असताना. त्या वेळी क्लारिनोवाला त्याच्याकडे कसा बघतो, ते बघ. निवड सासऱ्यांना करू दे, होकार तुम्ही दोघांनी द्या.

ठरवताना नीट बोलून घ्यायच्या गोष्टी फार नाहीत, पण त्या पक्क्या हव्यात. नाव ज्याचं आहे तोच वाजवायला येणार का, की त्या शनिवारी त्याची दोन लग्नं आहेत आणि तुझ्याकडे भाचा येणार? हार्तूराचे पैसे ठरलेल्या रकमेवर वेगळे, की त्यातून वळते होणार? दोन्ही पद्धती असतात आणि सगळी भांडणं इथेच होतात. सांगितलेली रक्कम व्हॅटसकट आहे का? ग्रीसमध्ये तो २४ टक्के आहे, आणि "पावती नको असेल तर" ने सुरू होणारं वाक्य कानावर आलं की समजून जा. किती वाजेपर्यंत? उन्हाळ्याच्या नियमांत, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत, रात्री अकरानंतर शांतता पाळायची असते, म्हणून चौकातल्या संगीतासाठी नगरपालिकेत आधीच जाऊन ये. सासरे "गाव आपलंच आहे" म्हणतील. तरी जाऊन ये. वादकांना जेवण कुठे आणि कधी, हे तूच ठरव. उपाशी क्लारिनो ऐकवत नाही.

आणि चालत येण्याचं विसरू नकोस. कोम्पानिया फक्त जेवणाच्या मंचावर बसत नाही. ती आधी कुम्बारोसच्या, म्हणजे तुमच्या मुकुट घालणाऱ्या साक्षीदाराच्या घरी जाते, मग नवऱ्याच्या, मग वाजत वाजत नवरीला आणायला येते. याला पातिनादा म्हणतात. तुझं माहेर म्हणजे गावातलं एखादं भाड्याचं गेस्टहाउस असणार, कदाचित वरच्या आळीला, फरसबंदी चढावर. क्लारिनो, व्हायोलिन, लाऊतो आणि डेफी तो चढ चालून येणार आहेत का, आणि त्याचे पैसे ठरलेल्यात धरले आहेत का? विचारलं नाहीस तर ते थेट संध्याकाळी गाडीने चौकात उतरतील, आणि लग्नातला सगळ्यात सुंदर अर्धा तास गेला म्हणून समज.

सासूबाईंकडे वळते. "लिरावाला शोधायला हवा ना?" थांब. क्रीट म्हणजे लिरा हे खरं आहे रेथिम्नोबद्दल, प्रसिद्ध लिरावादक निकोस क्सिलूरिस ज्या आनोगियातून आले त्या डोंगराळ मुलखाबद्दल. पण हानियाच्या पश्चिमेला, कीसामोसच्या बाजूला, परंपरा व्हायोलिनची आहे, आणि तिथल्या लोकांना याचा भारी अभिमान आहे, थोडी जखमही आहे, कारण एके काळी सरकारी रेडिओवर क्रीटचं संगीत म्हणून व्हायोलिनला जागा नाकारली गेली होती. सासूबाई त्या बाजूच्या असतील आणि तू मोठ्या हौसेने लिरा आणलीस, तर त्या हसतील, पण खुर्चीवरून उठणार नाहीत. नुसतं "हानिया" ऐकून ठरवू नकोस. त्यांचं गाव विचार, आणि मग विचार, तुमच्या लग्नात कोणी वाजवलं होतं? त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दीड तास चालेल, पण काम होईल.

तुझ्या मनात येईल (माझ्या आलं होतं एकदा, नणंदेच्या मुलीच्या वेळी), की एपिरसवाल्यांच्यात लाऊतो आहेच, मग क्रीटहून फक्त एक लिरा किंवा व्हायोलिन बोलवू. तसं होत नाही. क्रीटचं लाऊतो आकाराने मोठं, त्याची लावणी खालच्या सुरांतली, आणि ते नुसती साथ करत नाही, चाल स्वतः पुढे नेतं. जोडी जोडीनेच येते. पण ती क्रीटहून बोटीने आणायची गरज नाही. क्रीटचे वादक अथेन्समध्ये भरपूर राहतात. एक तास, फार तर सव्वा तास त्यांचा. वेळ अकराच्या सुमारास, एपिरसवाले जेवायला बसतील तेव्हा. दोन गट एकाच मंचावर आलटून पालटून बसवू नकोस, ती चढाओढ होते. हानियाचा सिरतोस आणि मग पेन्तोझाली, हे तिथले नाच वाजले की सासूबाईंच्या बाजूची मंडळी कशी उठतात ते बघ. बंदुका गाडीत नाहीत ना, एवढं मात्र त्यांच्या भावाला हळूच विचार. क्रीटच्या लग्नांत हवेत गोळ्या झाडण्याची खोड आहे, कायद्याने बंदी असूनही.

डीजे नको. मित्रांची यादी मोबाइलवर घ्या, पहिला जोडीचा नाच आणि केक तेवढ्यावर होऊन जाईल, आणि पहाटे तीननंतर कोम्पानियाने वाद्यं पेटीत ठेवली की हिंदी गाणी, कोळीगीतं, काय हवं ते लावा. साउंड बघणारा माणूस बटण दाबू शकतो.

चर्चमध्ये मात्र बाबांचं म्हणणं चालणार नाही, आणि हे त्यांना आत्ताच सांगून टाक. ग्रीसच्या ऑर्थोडॉक्स उपासनेत वाद्य नसतं. ऑर्गन नाही, व्हायोलिन नाही. प्साल्तिस, म्हणजे स्तोत्रं म्हणणारा, नुसत्या गळ्याने म्हणतो. खर्च करायचाच असेल तर चांगल्या प्साल्तिससाठी धर्मगुरूंना विचार. एक बारीक फरक आणखी : तुला तिथे काहीच बोलायचं नसतं. वसईच्या चर्चमध्ये तू वचन दिलं असतंस. इथे नवरा-नवरी शब्दही बोलत नाहीत, जे व्हायचं ते तुमच्यावर होतं. अंगठ्या उजव्या हातात, तीनदा अदलाबदल. स्तेफाना, रिबिनीने जोडलेले दोन मुकुट, तेही डोक्यांवरून तीनदा अदलाबदल. एका पेल्यातून वाइन. मग धर्मगुरू तुम्हाला हाताला धरून टेबलाभोवती तीन फेऱ्या घालतात, आणि लोक तांदूळ मारतात. हो, मारतात. आपल्या अक्षता डोक्यावर पडतात, यांच्या नेम धरून येतात. (सात फेरे, तीन फेऱ्या, अक्षता, तांदूळ, यावर तुझी कॉलनीतली हिंदू मैत्रीण फार खूश होईल.)

बाबांना त्या बदल्यात काय द्यायचं? पत्रात तू बँड म्हणालीस. तुमच्याकडे उंबराच्या पाण्याला बँड लावून विहिरीवर जातात ना? ती मिरवणूक आणि पातिनादा सख्ख्या बहिणी आहेत, आणि वसईच्या बँडमध्येही क्लॅरिनेट असतंच. तुमच्या घरची एखादी चाल क्लारिनोवाल्याला तीन-चार महिने आधी पाठव. लग्नात वाजवून पोट भरणारी ही माणसं कानानेच शिकतात, त्यांना नोटेशन लागत नाही. गेस्टहाउसच्या दारातून तू बाहेर पडताना ती चाल वाजली की बाबांना ऑर्गनची आठवणही राहणार नाही.

एवढं ठरलं की मगच फोटोग्राफर. क्रम मुद्दाम सांगते आहे, कारण त्याचे तास वादक ठरवतात. आणि इथे मला माझं दुखणं सांगावंच लागेल.

माझं लग्न २००१ साली कोझानीजवळ झालं. मी हिंदू, बाप्तिस्मा नाही, म्हणजे ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये लग्न होणं शक्यच नव्हतं. १९८२ साली ग्रीसमध्ये नागरी विवाह आला म्हणून आमचं नगरपालिकेत, एका टेबलापुढे, वीस मिनिटांत उरकलं. (तुझा बाप्तिस्मा झालेला आहे, म्हणून तुला ते दार उघडं आहे. कुम्बारोस मात्र ऑर्थोडॉक्सच लागतो, आणि तुझ्या बाजूच्या कॅथलिक परवानगीचे कागद मागाहून नको, आधी.) संध्याकाळी जेवण. कोझानीच्या मुलखात, म्हणजे ग्रीसच्या पश्चिम मॅसिडोनियात, क्लॅरिनेटबरोबर ट्रंपेट-ट्रॉम्बोनचे ताफे असतात, हाल्किना. माझे वडील मिरजेच्या हायस्कुलात गणित शिकवायचे. गणपतीच्या मिरवणुकीतसुद्धा ते फुटपाथवरून चालायचे. रात्री अडीच वाजता त्या ट्रंपेटने काय केलं देव जाणे, ते उठले, माझ्या सासऱ्यांच्या हातातला रुमाल घेतला आणि रिंगणाच्या तोंडाला जाऊन उभे राहिले. एक पाय उचलून थांबले. सगळा ताफा त्यांच्यासाठी थांबला. मग त्यांनी पाय टेकवला.

फोटोग्राफर बारा वाजता गेला होता. करारात तसंच होतं, त्याची काही चूक नाही. आमच्याकडे केक कापतानाचे एकेचाळीस फोटो आहेत.

म्हणून तुला सांगते, पैसे मोजके असतील तर अल्बमचं चामडं, कॅनव्हास, लग्नाआधीचं ते समुद्रकिनाऱ्यावरचं शूटिंग, सगळं काट. ड्रोनही काट. गर्दीच्या डोक्यावरून उडवायला युरोपात मनाई आहे आणि तुमच्या डोंगरात विकोस-आओसचं राष्ट्रीय उद्यान आहे, परवानगीशिवाय विचारही नको. तास विकत घे. पातिनादापासून शेवटच्या नाचापर्यंत. एक माणूस एवढा वेळ उभा राहू शकत नाही, म्हणून त्याचा मदतनीस हवा, आणि मधे त्यांना बसून जेवायला हवं.

गावच्या माणसाला नाक मुरडू नकोस. तुझ्या सासऱ्यांनी सुचवलेला हा बाबा कदाचित कंटाळवाणा असेल, पण त्याच्याकडे एक गोष्ट आहे जी मुंबईच्या टीमकडे नाही : धर्मगुरू त्याला ओळखतात. का सांगते. ऑर्थोडॉक्स लग्नात नवरा-नवरी वेदीकडे तोंड करून उभे असतात. म्हणजे पाहुण्यांच्या बाजूने फक्त पाठी दिसतात. चेहरे मिळवायचे तर फोटोग्राफरला टेबलाच्या पलीकडे, वेदीपुढच्या संतचित्रांच्या पडद्यापुढे, धर्मगुरूंच्या कोपराशी उभं राहावं लागतं. पडद्याच्या आत तर पाऊल टाकायचं नाही. त्या अरुंद जागेत कोणाला उभं राहू द्यायचं, ते धर्मगुरू ठरवतात. काही ठिकाणी फ्लॅश नको म्हणतात, काही ठिकाणी हालचाल नको. तुमच्या चर्चचं काय म्हणणं आहे ते तू स्वतः जाऊन विचार आणि फोटोग्राफरच्या कानावर घाल.

शिवाय त्याला पुढचं येणारं माहीत असतं. मुकुटांची अदलाबदल काही सेकंदांत होते आणि पुन्हा होत नाही. "मॅडम, एकदा परत" असं तिथे म्हणता येत नाही. चुंबनाची वाट बघत बसलेला फोटोग्राफर रिकाम्या हाताने परत जातो, विधीत ते नसतंच. आणि वाचन चालू असताना, पत्नीने पतीचा आदर राखावा असं वाक्य येतं, त्या क्षणी नवरीने नवऱ्याच्या पायावर पाय द्यायचा असतो. सगळं चर्च हसतं. ज्याला ग्रीक येत नाही तो त्या वेळी छतातल्या झुंबराचा फोटो काढत असतो.

त्याची परीक्षा दोन गोष्टींत घे. त्याच्या भिंतीवरचे निवडक फोटो बघू नकोस, ते सगळ्यांचेच छान असतात. एका अख्ख्या लग्नाचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत दिलेले सगळे फोटो माग, आणि लग्न असं निवड जे अंधाऱ्या जुन्या चर्चमध्ये झालं असेल. झागोरीची चर्चं आतून काळोखी, भिंती चित्रांनी भरलेल्या, उजेड मेणबत्त्यांचा पिवळा आणि दारातून येणारा निळा. त्यात चेहरे कसे आलेत? दुसरं, शेवटच्या तासाचे फोटो बघ. नाचणाऱ्यांचे पाय दिसतात का? बहुतेकांच्या फोटोंत रिंगण कंबरेपासून वर असतं. एपिरसच्या नाचात सगळी गंमत खाली असते. पाय दिसले तर त्याला घे. नाही दिसले तर जवळच्या इओआनिना शहरात दुसरा शोध, आणि सासऱ्यांना पायांचंच कारण सांग. त्यांना पटेल.

वेळेचं एक. सप्टेंबरच्या मध्याला तिकडे साडेसातच्या सुमारास सूर्य मावळतो, डोंगरामागे त्याच्याही आधी जातो. विधीला पाऊण तास, मग दारात अभिनंदनाची रांग, आणि ती रांग लवकर संपत नाही. सातचं लग्न ठेवलंत तर उजेड संपला. साडेपाच माग. दुसऱ्या दिवशी सकाळी तासभर जुन्या दगडी पुलावर जाऊन फोटो काढायची पद्धत आहे इथे. पैसे उरले तर कर, ड्रेस चुरगळलेला असेल तर आणखी बरं. चौदा सप्टेंबर मात्र टाळायचाच, त्या दिवशी चर्च लग्न लावत नाही. सासऱ्यांना हे माहीत असेलच.

भावाच्या टीमचं काय? पाच जणांचे शेंगेन व्हिसा, आणि ते पर्यटक म्हणून आले तर त्यांना मोबदला घेऊन काम करता येत नाही. कॅमेऱ्यांच्या पेट्या कस्टममधून न्यायच्या तर त्यांचे कागद वेगळे. नको ग. पण भावाचं एक म्हणणं खरं आहे, त्याच्या लक्षात आलं नसलं तरी. तिकडच्या फोटोग्राफरला तुझी आत्या कोण आणि ट्रॅव्हल एजंटची बायको कोण, हे कळणार नाही. तो सासरच्या दोनशे चेहऱ्यांमध्ये तुझ्या वीस माणसांना विसरेल, मुद्दाम नाही, ओळखत नाही म्हणून. भावाच्या त्या मित्रांपैकी एकजण पाहुणा म्हणून येऊ दे, एक कॅमेरा आणि एक लेन्स घेऊन, आणि त्याने फक्त वसईकरांकडे बघायचं. चर्चमध्ये टेबलापाशी जायचं नाही, त्या कोपऱ्यात दोघांना जागा नसते.

वसईकरांना विमानात बसायच्या आधी दोन गोष्टी सांगून ठेव. रिंगणात शिरायचं तर शेपटाला, तोंडाला कधीच नाही, ती जागा कोणीतरी पैसे देऊन घेतलेली असते. तोंडाला यायचं असेल तर आपली पाळी मागायची, आणि खिशात पाच-दहाच्या नोटा ठेवायच्या. आणि नवऱ्याचा एखादा मित्र एकटाच मध्ये उतरून, हात पसरून, डोलत सावकाश नाचायला लागला, बाकीचे गुडघ्यावर बसून टाळ्या देऊ लागले, तर तो झेयबेकिको आहे. नऊ मात्रांचा, एकट्या माणसाचा. तिथे दुसऱ्याने जायचं नसतं. तुझे एक मामा नक्की जातील, प्रत्येक घरात असा एक मामा असतो. त्यांच्या शेजारी त्या वेळी कोण बसणार ते आधी ठरव.

वादकांसाठी मात्र आत्ताच हाल. सप्टेंबरचे शनिवार चांगले क्लारिनोवाले वर्षभर आधी देऊन टाकतात. सासूबाईंचं गाव कळव, मग व्हायोलिन की लिरा ते बोलू. आणि बाबांना सांग, ती चाल बँडच्या क्लॅरिनेटवाल्याकडून एकट्याने वाजवून घ्या, ढोल नको, ट्रंपेट नको, एकदा सावकाश आणि एकदा नेहमीच्या लयीत. ढोलासकट पाठवलंत तर झागोरीचा माणूस आधी ढोलच ऐकत बसेल.